गेलेले, आलेले आणि राहिलेले : विदर्भाचा एकसष्टावा हंगाम

विदर्भ हे नाव लावून एक संघ रणजी करंडकात पहिल्यांदा उतरला तो १९५७-५८ च्या हंगामात. करंडक हाती आला १ जानेवारी २०१८ रोजी. मधले सगळे हंगाम मोजले तर जिंकलेला हंगाम एकसष्टावा भरतो. विदर्भ क्रिकेट असोसिएशनचा, म्हणजे व्हीसीएचा, इतिहास सांगायचा तर या एकसष्ट हंगामांना सारखी जागा देणे मला जमणार नाही. शेवटच्या हंगामावर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण त्या दिवसाची वाट पाहत आमच्या घरातल्या दोन पिढ्या मैदानाबाहेरच राहिल्या. पण तो हंगाम कुठून आला हे कळण्यासाठी आधी थोडे मागे जावे लागेल.

रणजी करंडक १९३४ मध्ये सुरू झाला तेव्हा नागपूर ही मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी होती आणि त्याच नावाने इथला संघ खेळायचा. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, त्यात आपला भंडाराही होता, आणि नागपूरचे राजधानीपण संपले. ही बोच जुन्या माणसांच्या बोलण्यात फार काळ राहिली. राजधानी गेल्यावर वर्षभराने क्रिकेटच्या मैदानावर मात्र विदर्भ हे नाव उभे राहिले. पुढे १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, तरी क्रिकेटचा नकाशा बदलला नाही. आजही एकाच राज्यातून मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे तीन संघ रणजीत उतरतात. आठ जिल्ह्यांचे आता अकरा झाले आहेत. गोंदियापासून बुलढाण्यापर्यंतच्या मुलाने बॅट हाती घेतली तर त्याची वाट अखेर व्हीसीएच्या दारातूनच जाते.

या दारातून पहिली कित्येक वर्षे माणसे बाहेरच जात राहिली, आणि ती रीत संस्थेच्या जन्माच्याही आधीची आहे. भारताचे पहिले कसोटी कर्णधार सी. के. नायडू नागपूरचे. त्यांचा जन्म १८९५ चा, आणि क्रिकेट शिकले तेही इथल्याच मातीवर. पण नाव गाजले ते इंदूरला, होळकर संस्थानाच्या सेवेत गेल्यावर. होळकर संघाने रणजी करंडक चार वेळा जिंकला. अमरावतीत जन्मलेले हेमंत कानिटकर महाराष्ट्राकडून खेळले आणि तिथून भारताच्या कसोटी संघात गेले. ज्याच्या अंगात गुण आहे त्याने गाडी पकडावी, हे इथे इतके अंगवळणी पडले होते की त्यात कुणाला काही खटकतही नसे. जाणाऱ्यांना मी दोष देत नाही. गुणाला जागा लागते, आणि तेव्हा ती इथे नव्हती.

राहिलेल्यांची नावे कमी घेतली जातात, म्हणून ती इथे घेतो. विजय तेलंग, सुहास फडकर, प्रीतम गंधे. मध्य विभागात राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, रेल्वे यांच्याशी वर्षानुवर्षे सामने व्हायचे आणि बहुतेक वेळा साखळीतच गाडी थांबायची. बाद फेरी क्वचित दिसायची. २००२-०३ पासून रणजीत एलिट आणि प्लेट अशी विभागणी झाली, तेव्हा आपला संघ खालच्या पंगतीत बसला आणि तिथे बरीच वर्षे राहिला. तरीही दर हिवाळ्यात अकरा माणसे पांढरे कपडे घालून उतरत होती. नागपूरची गुजदर लीग चालू होती, जिल्ह्याजिल्ह्यांतून मुले निवडचाचणीला येत होती. करंडक नसतानाच्या त्या वर्षांत संघ मोडू न देणे हे संस्थेचे पहिले मोठे काम, असे मी मानतो.

या काळात नागपूरला मोठे सामने मिळाले. सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर ऑक्टोबर १९६९ मध्ये पहिली कसोटी झाली आणि न्यूझीलंडने भारताला १६७ धावांनी हरवले. त्याच मैदानावर ३१ ऑक्टोबर १९८७ ला विश्वचषकात चेतन शर्माने न्यूझीलंडच्या तीन फलंदाजांचे ओळीने त्रिफळे उडवले. विश्वचषकातली ती पहिली हॅटट्रिक. त्याच दुपारी सुनील गावसकरांनी एकदिवसीय क्रिकेटमधले आपले एकमेव शतक केले. जामठ्याला नवे स्टेडियम झाले आणि नोव्हेंबर २००८ मध्ये तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिली कसोटी झाली. सौरव गांगुलीची ती शेवटची. शशांक मनोहर व्हीसीएतून भारतीय क्रिकेट मंडळाच्या आणि पुढे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या प्रमुखपदापर्यंत पोहोचले. हे सगळे अभिमानाचेच. पण या सामन्यांनी आम्हाला प्रेक्षक केले. आमची माणसे गॅलरीत होती, खेळणारे बाहेरचे होते. खुर्ची मिळाली, मैदान मिळाले, पण संघ कुठे होता?

संघाची बाजू सावरायला लागली ती त्यानंतर. भारताकडून एकदिवसीय सामने खेळलेले वेगवान गोलंदाज प्रशांत वैद्य मधल्या काळात बंगालकडूनही खेळले होते. ते परतून संस्थेच्या क्रिकेट विकासाच्या कामात शिरले. गेलेला माणूस परत येऊन घर बांधतो, हे इथे पहिल्यांदा दिसले. मग वल्नीच्या कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा उमेश यादव नोव्हेंबर २०११ मध्ये दिल्लीला वेस्ट इंडीजविरुद्ध कसोटी खेळला. विदर्भातून कसोटी खेळणारा तो पहिला. खापरखेड्याच्या बाजूचा, टेनिस बॉलवर वाढलेला पोरगा भारताचा नवा चेंडू हातात घेतो, याचा परिणाम आकड्यांत मोजता येत नाही. आमच्या गावातल्या पोरांच्या धावण्यात मात्र तो दिसला. त्या हिवाळ्यात बांधीत खेळणारा प्रत्येक जण दहा पावले जास्त मागे जाऊन धावत यायचा.

बांधी म्हणजे धानाचे शेत, हे भंडारा-गोंदियाच्या बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवे. आमचे गाव करडी वैनगंगेच्या अलीकडे, आणि तालुक्याचे मोहाडी नदीपलीकडे. आमच्याकडे क्रिकेटचे मैदान वर्षभर नसते. धान निघाले, मंडया म्हणजे गावोगावच्या जत्रा आटोपल्या की बांध्या मोकळ्या होतात. मग धसकटे खरवडून पोरे पट्टी तयार करतात. चिखलात वाळलेल्या बैलांच्या खुरांचे ठसे त्या पट्टीत राहतातच, त्यामुळे चेंडू कुठे वळेल याचा नेम नसतो. अशा मातीतून जामठ्याच्या हिरवळीपर्यंतचे अंतर केवळ किलोमीटरचे नाही. म्हणून २०१७ चा हंगाम आम्हाला इतका जवळचा वाटला. त्यातला बहुतेक संघ असाच कुठून कुठून वर आलेला होता.

त्याआधीची दोन वर्षे महत्त्वाची आहेत. २०१४-१५ आणि २०१५-१६, लागोपाठ दोन हंगाम विदर्भ उपांत्यपूर्व फेरीत गेला आणि तिथेच थांबला. संस्थेने बाहेरून माणसे आणली ती याच सुमारास. तामिळनाडूचे एस. बद्रीनाथ आले, कर्नाटकातून गणेश सतीश आला, २०१५ मध्ये मुंबईचा वसीम जाफर आला. बाहेरचे आणल्यावर घरच्यांची जागा जाते, अशी कुरकूर तेव्हा गावोगावच्या ओट्यांवर होती आणि मीही ती केली आहे. आज वाटते, मी चुकलो होतो. जाफरकडे आठ रणजी विजेतेपदे होती. बाद फेरीच्या चौथ्या दिवशी ड्रेसिंगरूममध्ये काय बोलायचे आणि काय बोलायचे नाही, हे ज्याने आठ वेळा पाहिले आहे असा माणूस विदर्भात तोवर बसलाच नव्हता. २०१६-१७ चा हंगाम दुखापतीमुळे हुकला, म्हणून पुढच्या हंगामात तो मानधन न घेता खेळला. अशा माणसाला पाहुणा कसे म्हणायचे?

२०१७ मध्ये प्रशिक्षक म्हणून चंद्रकांत पंडित आले. मुंबईला त्यांनी रणजी जिंकून दिली होती. गोलंदाजांकडे सुब्रतो बॅनर्जी. कर्णधार फैज फजल हा मात्र अस्सल घरचा. पहिल्याच प्रथम श्रेणी सामन्यात विदर्भासाठी शतक करणारा, मधली काही वर्षे रेल्वेकडून खेळून परतलेला. भारतासाठी तो एकच एकदिवसीय सामना खेळला, २०१६ मध्ये हरारेला, आणि त्यात नाबाद ५५ केल्या. त्यानंतर बोलावणे आले नाही. त्या नाराजीचे त्याने काय केले ते पुढच्या हिवाळ्यात सगळ्यांना दिसले.

त्या वर्षी रणजीचे २८ संघ चार गटांत विभागले होते. विदर्भ ‘ड’ गटात, सोबत बंगाल, पंजाब, हिमाचल, छत्तीसगड, गोवा आणि सेनादल. सुरुवात मोहालीत झाली आणि पंजाब डावाने हरला. कल्याणीत बंगाल दहा गड्यांनी. फजल आणि संजय रामस्वामी यांची सलामीची जोडी इतकी स्थिर होती की मधल्या फळीला अनेकदा पॅड बांधून तासन्‌तास बसून राहावे लागले. हंगामात फजलच्या ९१२ धावा झाल्या, संजयच्या सातशेहून अधिक. एकही सामना न हरता विदर्भ गटात पहिला आला. वर्तमानपत्रांनी बातमी आतल्या पानावर दिली. त्याचेही नवल वाटले नाही. साखळी आम्ही याआधी ओलांडली होती, भिंत लागायची ती पुढेच.

उपांत्यपूर्व सामना सुरतेला केरळशी. पहिल्या डावात विदर्भ २४६, केरळ १७६. रजनीश गुरबानी नावाच्या उंच, सडपातळ मुलाने पाच गडी घेतले. सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी घेतलेला हा मुलगा स्विंगवर जगणारा. दुसऱ्या डावात फजल आणि अपूर्व वानखडे या दोघांची शतके, ९ बाद ५०७ वर डाव घोषित. मग डावखुऱ्या फिरकीच्या आदित्य सरवटेने ४१ धावांत सहा गडी घेतले आणि सामना ४१२ धावांनी संपला. भिंत ओलांडली गेली, पण इतक्या सहज की विश्वास बसेना.

कोलकात्यात, उपांत्य सामन्यात, मात्र भिंत पुन्हा उभी राहिली. ईडन गार्डन्स, १७ डिसेंबर, समोर कर्नाटक. विदर्भ १८५ वर सर्वबाद. कर्नाटककडून करुण नायरने १५३ केल्या. एका टोकाने उमेश यादवने चार, दुसऱ्या टोकाने गुरबानीने पाच गडी घेतले तरी ते ३०१ पर्यंत गेले. ११६ धावांची पिछाडी. इथे गणेश सतीशच्या ८१ धावा आल्या. ज्या राज्यात तो वाढला, त्याच राज्याविरुद्ध. त्या डावाबद्दल फार लिहिले गेले नाही, आणि मला ते कायम खटकले आहे. त्या ८१ नसत्या तर पुढचे काहीच घडले नसते. विदर्भ ३१३ पर्यंत पोहोचला आणि कर्नाटकपुढे १९८ धावांचे लक्ष्य राहिले. चौथ्या दिवसअखेर कर्नाटक ७ बाद १११. हव्या होत्या ८७ धावा, हवे होते तीन गडी.

ती रात्र आणि ती सकाळ मी कधी विसरणार नाही. करडीत तेव्हा धानाचे चुरणे, म्हणजे मळणी, चालू होते. २१ डिसेंबरला सकाळी आम्ही चौघे खळ्यावर होतो. थ्रेशर लागला होता, तणसाचा भुसा सगळीकडे उडत होता, आणि पुंजण्याच्या आडोशाला, जिथे नेटवर्क जरा बरे येते तिथे, एकाचा मोबाइल पेंढीला टेकवून ठेवला होता. चित्र दिसत नव्हते. नुसते आकडे. चेंडू पडला की आकडा बदलायचा, कधी बदलायचाच नाही आणि बारीक गोल फिरत राहायचे. कर्नाटकचा कर्णधार विनय कुमार धावा काढत होता. ८७ चे ६० झाले. थ्रेशरच्या आवाजात काही ऐकू येईना म्हणून मशीनवरचा म्हातारा खुणेनेच विचारायचा, आणि मग न राहवून त्याने मशीनच थांबवले आणि ओरडला, “किती राह्यले गा?” धान चुरताना भाड्याचे मशीन थांबवणे म्हणजे काय, हे शेतकऱ्यालाच कळेल. कुणी काही बोलले नाही.

विनय कुमार गेला. मग अभिमन्यू मिथुन मारायला लागला. त्याने ३३ धावा केल्या आणि आमच्यातला एक जण पुंजण्यामागे जाऊन उभा राहिला, त्याला बघवेना. मिथुन गेला. शेवटची जोडी. दुसऱ्या टोकाला श्रेयस गोपाळ जमलेला, एकेक धाव जोडत. सहा धावा हव्या असताना आकडा थांबला. गोल फिरत राहिले. मग आले, कर्नाटक सर्वबाद १९२. पाच धावांनी विदर्भ. तिन्ही गडी गुरबानीचे. डावात सात, सामन्यात बारा.

म्हाताऱ्याने मशीन चालू केले. त्याने पागोटे काढून डोळे पुसले ते भुशामुळे की कशामुळे, ते मी विचारले नाही. १९५७-५८ चा पहिला हंगाम सुरू झाला तेव्हा तो लहान पोर होता.

अंतिम सामना इंदूरला पडला. होळकरांच्या नावाच्या स्टेडियमवर, २९ डिसेंबरपासून, दिल्लीविरुद्ध. नागपूरचे नायडू जिथे जाऊन मोठे झाले, त्या शहरात विदर्भ आपला पहिला अंतिम सामना खेळायला गेला. हा योग कुणी जुळवून आणलेला नव्हता, पण संस्थेचा इतिहास लिहिणाऱ्याला तो डोळ्यांआड करता येत नाही. बाहेर जाण्याच्या वाटेवरूनच करंडक घरी यायचा होता.

दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यामुळे उमेश यादव अंतिम सामन्याला नव्हता. संघाचा सर्वांत मोठा गोलंदाज सर्वांत मोठ्या सामन्याला नाही, अशी ती वेळ. अकोल्याच्या आदित्य ठाकरेने त्या सामन्यात प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. रणजीच्या अंतिम सामन्यात पदार्पण! नाणेफेक जिंकून फजलने क्षेत्ररक्षण घेतले. पहिला दिवस दिल्लीच्या ध्रुव शोरीचा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो १४५ वर खेळत होता, आणि दिल्ली तीनशेच्या जवळ. तेवढ्यात गुरबानीने षटकाच्या शेवटच्या दोन चेंडूंवर विकास मिश्रा आणि नवदीप सैनी यांचे त्रिफळे उडवले. एक षटक मध्ये गेले. पुढच्या षटकाचा पहिला चेंडू, आणि शोरीचाही त्रिफळा. तीन चेंडू, तीन त्रिफळे. चेतन शर्माच्या नागपूरमधल्या हॅटट्रिकचा घाटही हाच होता. रणजीच्या अंतिम सामन्यात हॅटट्रिक त्याआधी एकदाच झाली होती, १९७२-७३ मध्ये तामिळनाडूच्या कल्याणसुंदरम यांची. दिल्ली २९५. गुरबानी ५९ धावांत सहा.

मग फलंदाजी. फजल ६७, जाफर ७८. पण दोघे गेल्यावर विदर्भ ६ बाद २४६, म्हणजे अजून ४९ मागे. माझ्या मते खरा अंतिम सामना इथून सुरू झाला. खेळायला आला होता यष्टिरक्षक अक्षय वाडकर आणि त्याच्या जोडीला सरवटे. विदर्भाच्या जुन्या संघांत सहावा गडी पडला की आवराआवर सुरू व्हायची, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना त्या दुपारचे मोल कळेल. दोघांनी सातव्या गड्यासाठी १६९ धावा जोडल्या. सरवटे ७९ वर बाद झाला, तेव्हा सिद्धेश नेरळ आला आणि त्यानेही ७४ केल्या. वाडकरचे प्रथम श्रेणीतले ते पहिलेच शतक, १३३ धावा. तिसरा दिवस संपला तेव्हा धावफलक ७ बाद ५२८ दाखवत होता. सकाळी डाव ५४७ वर संपला, आघाडी २५२.

दिल्लीचा दुसरा डाव २८०. ऑफस्पिनर अक्षय वखरे आणि सरवटे यांनी घाई न करता एकेक गडी काढला. जिंकायला २९ धावा उरल्या. फजल लवकर बाद झाला, आणि विजयी धावा जाफरच्या बॅटमधून आल्या. एक दिवस राखून, नऊ गडी राखून. जाफर रणजीचा एकही अंतिम सामना कधी हरला नव्हता, आणि हाही हरला नाही. १ जानेवारीच्या संध्याकाळी करडीच्या चौकात फटाके वाजले. काही जणांना ते नव्या वर्षाचे वाटले.

हंगामाची गोळाबेरीज : गुरबानीचे सहा सामन्यांत ३९ गडी. या आकड्यापेक्षा मला दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. बाद फेरीच्या तीन सामन्यांत विदर्भाला दर वेळी वेगळ्या माणसाने सोडवले. सुरतेला वानखडे आणि सरवटे, कोलकात्यात सतीश आणि गुरबानी, इंदूरला वाडकर आणि नेरळ. भारतीय संघाच्या दारात उभा असलेला यांत कुणीच नव्हता. एकट्याच्या खांद्यावर बसून हा संघ वर गेला नाही, म्हणूनच तो पुढच्या वर्षी खाली आला नाही.

पुढचे थोडक्यात. मार्च २०१८ मध्ये नागपूरला इराणी करंडकात चाळिशीच्या जाफरने २८६ केल्या, विदर्भाने ७ बाद ८०० वर डाव सोडला आणि तो करंडकही घेतला. २०१८-१९ मध्ये वायनाडच्या उपांत्य सामन्यात उमेशने केरळचे बारा गडी घेतले. अंतिम सामना जामठ्यावर, सौराष्ट्राविरुद्ध, ७८ धावांनी. सरवटेने अकरा गडी घेतले, त्यात चेतेश्वर पुजारा दोन्ही डावांत, एक आणि शून्य. लागोपाठ दुसरी रणजी, आणि या वेळी आपल्या माणसांसमोर. काही दिवसांनी इराणी करंडक राखल्यावर संघाने बक्षिसाची रक्कम पुलवामाच्या हुतात्म्यांच्या कुटुंबांना दिली. २०२३-२४ मध्ये वानखेडेवर मुंबईकडून अंतिम सामना हरलो, पण ५३८ च्या लक्ष्यामागे धावताना वाडकरने शतक करून संघाला ३६८ पर्यंत नेले. फजलने त्याच हंगामात निवृत्ती घेतली. मुलींच्या क्रिकेटचे स्वतंत्र प्रकरण कुणीतरी लिहायला हवे. मोना मेश्राम इथूनच २०१७ च्या विश्वचषकाच्या भारतीय संघात गेली, आणि तिच्यामागे उभ्या राहिलेल्या मुलींना अजून पुरेसे लेखक मिळालेले नाहीत.

आता २०२४-२५ चा अंतिम सामना. जामठा, २६ फेब्रुवारी २०२५, महाशिवरात्रीचा दिवस. कर्णधार वाडकर, प्रशिक्षक उस्मान घनी, समोर केरळ. गावातली निम्मी माणसे यात्रेला गेलेली, आणि आम्ही पाच जण भल्या पहाटे निघून नागपूर गाठलेले. सुरुवातीलाच विदर्भाचे तीन गडी २४ धावांत गेले. मग एकवीस वर्षांच्या दानिश मालेवारसोबत जो माणूस टिकून उभा राहिला, तो करुण नायर. ईडनवर आमच्याविरुद्ध १५३ करणारा तोच. आता तो विदर्भाचा होता. दोघांनी २१५ धावा जोडल्या. मालेवारच्या १५३, नायरच्या ८६, आणि दुसऱ्या डावात नायरच्या १३५. हर्ष दुबेने त्या हंगामात ६९ गडी घेतले. रणजीच्या एका हंगामातला तो विक्रम. त्याची गोलंदाजी डावखुऱ्या फिरकीची, म्हणजे सरवटेचीच जागा.

सरवटे त्या सामन्यात होता, पण केरळच्या बाजूने. त्या हंगामात तो तिकडे गेला होता. तिसऱ्या दिवशी आमचे दोघे शेतीसाठी परतले होते, तिघे गॅलरीत होतो. विदर्भाच्या ३७९ धावांचा पाठलाग करत तो जामठ्याच्या त्याच मातीवर शांतपणे खेळत होता, जिथे सहा वर्षांपूर्वी त्याने पुजाराला दोनदा परत पाठवले होते. आम्हाला त्याचा गडी हवा होता आणि तो बाद होऊ नये असेही वाटत होते. तो ७९ वर बाद झाला. इंदूरला विदर्भासाठी केल्या होत्या तेवढ्याच, ना एक कमी, ना एक जास्त. केरळचा डाव ३४२ वर संपला, आणि त्या ३७ धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसरी रणजी जिंकली. पण ते नंतर. सरवटे हेल्मेट काढून पॅव्हेलियनकडे चालू लागला तेव्हा आमच्या शेजारी बसलेला, पाठीवर विदर्भाचे नाव लिहिलेला एक शाळकरी पोरगा उभा राहिला आणि टाळ्या वाजवू लागला. मग आम्हीही उभे राहिलो.